तान्हेल्याला पाणी: पाणपोईचा हिशेब

बंधुभगिनींनो, राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, झाला की आपल्या सांगली भागात ऊन चढायला लागतं आणि उपवासकाळाचं काम म्हणून पाणपोई लावायचं ठरतं. मंडप पडतो, हार चढतो, फोटो निघतात. एप्रिलच्या शेवटी त्याच रांजणाच्या तळाला बोटभर गढूळ पाणी उरलेलं असतं. पाणपोई मुळातच नसती तर एक वेळ चाललं असतं. कोरडी पाणपोई जास्त घात करते, कारण पुढे पाणी आहे या भरवशावर माणूस मागच्या गावात न पिता निघालेला असतो.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात, अंतिम न्यायाच्या वर्णनात, प्रभू येशू सहा दयाकृत्यं मोजतो. मेलेल्याला मूठमाती देणं हे सातवं, ते तोबीतच्या पुस्तकाच्या आधाराने जोडलं गेलं. ‘मी तान्हेला होतो’ असं तो म्हणतो, तेव्हा डाव्या हाताला उभ्या असलेल्या दोषींवर चोरीचा आरोप नाही, मारहाणीचा नाही. त्यांनी दिलं नाही, एवढंच. आणि त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लहानग्याला द्यायचा प्याला नुसत्या पाण्याचा नाही, थंड पाण्याचा आहे. उन्हाच्या मुलखात पाणी आपोआप थंड राहत नाही. कुणीतरी ते आधीपासून सांभाळलेलं असतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता हिशेब. तहानलेला माणूस एका वेळी अर्धा लिटर सहज पितो. आठवडी बाजाराला ३०० माणसं धरली तर १५० लिटर; सांडणं, पेले विसळणं धरून २०० लिटर. २० लिटरचे दहा माठ झाले. भरल्याबरोबर माठ गार होत नाही, त्याला काही तास लागतात. म्हणून रात्री भरलेले पाच सकाळी उघडा आणि पहाटे भरलेले पाच दुपारसाठी झाकून ठेवा. खाली वाळू, भोवती ओलं गोणपाट आणि वारा लागेल अशी सावली.

माठावर ऑइलपेंटने क्रूस आणि नाव रंगवण्याची हौस फार दिसते. माठ गार होतो तो त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होऊन. रंगाने छिद्रं बुजली की आतलं पाणी कोमट राहणार. नाव लिहायचं तर फळीवर लिहा. साबणही लावू नका, माठ तो पिऊन घेतो. रोज रात्री रिकामा करून नारळाच्या काथ्याने आतून घासायचा, एवढं पुरे. नवा माठ दिवसभर भरून ठेवून ते पाणी झाडांना घालायचं.

जास्तीत जास्त चुका पाण्याच्या शुद्धीकरणात होतात. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते. २०० लिटरच्या पिंपात चिमटीने १ ग्रॅम टाकायला जाल तर अंदाज चुकेल; शुद्धीकरण हजार लिटरच्या टाकीतच करा. प्लास्टिकच्या बादलीत पावडरची पेस्ट करा, पाणी घालून ढवळा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट घ्या, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते बघा. फिकट पिवळा रंग आला तर पाणी प्यायला योग्य. रंगच आला नाही तर एक तर पावडर उघडी राहून तिची ताकद गेलेली असते, नाहीतर टँकरचं पाणी गढूळ असतं आणि क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो. अशा वेळी आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घ्या आणि मग पावडर घाला. माठात क्लोरीन हळूहळू उडून जातो, म्हणून काल वाटून उरलेलं पाणी आज द्यायचं नाही.

रांजणात पेला बुडवला की त्याच्याबरोबर बोटंही बुडतात आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. तोटीचा माठ घ्या, नाहीतर लांब दांड्याचं वगराळं एकाच माणसाच्या हाती ठेवा.

पेल्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे पाणी देण्याच्या रीतीतच अपमान होता: काहींना पेला, तर काहींच्या ओंजळीत वरून धार. खटाव तालुक्यातलं कटगुण हे ज्यांचं मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपल्या पाणपोईवर सगळ्यांना एकाच थाळीतले, एकाच पाण्याने विसळलेले पेले मिळायला हवेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्याचं सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क म्हटला आहे. हक्काची वस्तू उपकाराच्या सुरात द्यायची नसते. त्यांनीच जाहीर केलेल्या दयेच्या वर्षात, एप्रिल २०१६ मध्ये, आपल्या मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी भरून पहिली रेल्वे लातूरला गेली. पिणाऱ्याची जात किंवा धर्म तिने विचारला नव्हता.

शेवटचं, उन्हाने कोसळलेल्या माणसाबद्दल. चक्कर येते आहे पण शुद्ध आहे, अशाला १ लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्या, चमचा चहाचा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र थेंबही ओतू नका, पाणी श्वासनलिकेत जातं. त्याला सावलीत कुशीवर निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. हा १०८ आकडा फळीवर ठळक लिहून ठेवा, देणगीदाराच्या नावाच्या जागी.