मधल्या गावांची गाडी

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'लांब पल्ल्याच्या गाड्या आणि त्यांचे अर्थकारण' असा छापला आहे. तो मीच कळवला होता आणि अर्थकारणाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक विधान आपल्यापुढे ठेवू द्या. ते मी घरी, कचेरीत आणि गाडीच्या डब्यात इतक्या वेळा मांडले आहे, की घरच्यांनी ऐकणे सोडून दिले आहे आणि डब्यातल्यांना मात्र उतरण्याची सोय नसते. विधान असे, की लांब पल्ल्याची गाडी तिच्या पाटीवरच्या दोन गावांसाठी धावत नाही. ती मधल्या गावांसाठी धावते. पाटीवर मुंबई–हावडा असे असले, तरी प्रत्यक्षात ती नाशिकहून अकोल्याला, बडनेऱ्याहून रायपूरला आणि गोंदियाहून टाटानगरला जाणाऱ्यांची गाडी असते. सगळा देश ओलांडणारे असतात, नाही असे नाही. पण त्यांच्या एका बर्थभोवती दिवसभरात किती माणसे चढतात-उतरतात, हे आपण प्रत्येकाने पाहिले आहे.

उदाहरणासाठी मी नागपूरमार्गे हावड्याला जाणारा लोहमार्गच घेतो. विवेक एक्स्प्रेस दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाते, सुमारे चार हजार दोनशे किलोमीटर धावते आणि वाटेत तीन दिवसांहून अधिक काळ घेते, हे मला ठाऊक आहे; पण या सभागृहातल्या निम्म्या मंडळींचे कोणी ना कोणी मनमाड आणि गोंदिया यांच्या मध्ये राहत असणार, तेव्हा आपल्या ओळखीचा मार्ग बरा. मुंबईहून भुसावळ ४४४ किलोमीटर, नागपूर ८३७ आणि हावडा १,९६८.

या मार्गाचा इतिहास आपण शाळेत दोन टोकांच्या अंगाने शिकलो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, १८६५ साली थळ घाट चढून लोहमार्ग वर आला, १८७० साली मुंबई आणि कलकत्ता जबलपूर-अलाहाबादमार्गे जोडली गेली, असे आपण पाठ केले. यात एक गोष्ट निसटते. भुसावळहून नागपूरकडे वळलेला फाटा १८६७ सालीच नागपुरास पोहोचला होता, म्हणजे कलकत्त्याचा सांधा जुळण्याच्या तीन वर्षे आधी. त्याला नागपूरपर्यंत कशाने ओढून नेले? वऱ्हाडच्या कापसाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली, आणि जलंबहून खामगावला व बडनेऱ्याहून अमरावतीला शाखा निघाल्या त्याही कापसाच्या बाजारपेठा गाठण्यासाठीच. नागपूरच्या पुढे राजनांदगावकडे जी पहिली मीटरगेज रेल्वे गेली, ती छत्तीसगडचे धान्य उचलण्यासाठी. बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ साली आसनसोलपर्यंत नेला; खरगपूरवरून थेट हावड्याची वाट त्यानंतर, १९०० च्या सुमारास खुली झाली. म्हणजे आधी मधली गावे जोडली गेली, टोके मागाहून आली.

वेळेची गोष्ट तर माझ्या विधानासाठीच घडली असावी, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकात मुंबईची घड्याळे मुंबईच्या सूर्यावर चालत आणि कलकत्त्याची कलकत्त्याच्या. दोहोंत तासाभराचा फरक पडे. मग गाडीचे वेळापत्रक कोणाच्या घड्याळाने लावायचे? रेल्वेने दोघांचेही ऐकले नाही. तिने मद्रासची वेळ घेतली, कारण ती या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर पडत होती. परिणामी मुंबईकर आपल्या घड्याळात पाहून निवांत निघे आणि स्थानकावरचे घड्याळ त्याच्यापुढे अर्धा तास धावत असे. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्ताबाबत ती अजूनही पाळली जाते.

घाटाविषयी दोन वाक्ये बोलतो आणि पुढे जातो. कसारा ते इगतपुरी हे सोळा किलोमीटरचे अंतर गाडी ३७ फुटांना एक फूट अशा चढाने चढते, म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. आपण त्यांना बँकर म्हणतो. मागच्या डब्यात बसलेल्याला ते जोडले गेल्याचा धक्का बसतो, चहावाला कप न सांडता तो झेलतो, आणि नवखा प्रवासी खिडकीतून मान बाहेर काढून काय झाले म्हणून विचारतो. इगतपुरीला ही इंजिने सुटतात. पूर्वी त्याच ठिकाणी डीसी म्हणजे एकदिश वीजप्रवाहावरचे इंजिन काढून एसी म्हणजे प्रत्यावर्ती वीजप्रवाहावरचे लावावे लागे, त्यामुळे थांबा ऐसपैस असे आणि त्या थांब्यावर फलाटावरच्या वड्यांचा धंदा चाले. मुंबईपर्यंत एसी प्रवाह आल्यावर इंजिन बदलण्याचे कारण उरले नाही. माणसांचा वेळ वाचला. वडेवाल्यांचे काय झाले, हे कोणत्याही अहवालात मिळत नाही.

आता या मार्गावरच्या आपल्या माणसाचा उल्लेख केला नाही, तर कोकणातली मंडळी मला जाऊ देणार नाहीत. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिच्यात पहिला वर्ग नव्हता. सगळे प्रवासी एकाच वर्गाचे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घालण्याचा निर्णयही त्यांचाच. ज्यांची पाठ त्याआधीच्या फळ्यांवर घडली आहे, त्यांना त्या दोन इंचांचे मोल सांगावे लागत नाही. पुढे एका मंत्र्यांच्या काळात साइड लोअर आणि साइड अप्पर यांच्या मधोमध तिसरा बर्थ बसवण्याचा प्रयोग झाला. त्यात माणूस शिरू शके, पण कुशीवर वळण्यासाठी त्याला आधी बाहेर यावे लागे. लोकांनी इतकी ओरड केली, की तो बर्थ काढून टाकण्यात आला. भारतीय प्रवासी काहीही सहन करतो, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता माझी मुख्य तक्रार. वेळ जाईल, पण ती ऐकल्याखेरीज पुढचे अर्थकारण पटणार नाही. माझे गाव भुसावळ आणि नागपूर यांच्या मध्ये आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले आरक्षण खिडकीवरचे गृहस्थ अजून माझ्याशी बोलतात. माझ्या मावशीला संक्रांतीला गंगासागरचे स्नान करायचे होते. मी महिनाभर आधी हावड्याची दोन तिकिटे काढली, तेव्हा प्रतीक्षायादीत पाच आणि सहा हे क्रमांक मिळाले. मी मावशीला म्हणालो, "तयारी करा, हे तर झालेच." त्याच गाडीने माझा एक भाचा मुंबईहून येणार होता आणि त्याचा क्रमांक सत्त्याऐंशी होता. त्याची मी मनसोक्त थट्टा केली. दोन आठवड्यांनी भाच्याचे तिकीट पक्के झाले आणि आम्ही पाच-सहावरून तीन-चारवर येऊन थबकलो.

मी खिडकीवर गेलो. त्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला धडा दिला. ते म्हणाले, "साहेब, तुमची यादी वेगळी आणि त्यांची वेगळी. मुंबईचा सामान्य कोटा शेकडो बर्थांचा, लोक महिनोन्‌महिने आधी तिकिटे काढून ठेवतात आणि ऐनवेळी धडाधड रद्द करतात, म्हणून तिथला शंभरावाही वर येतो. आपला कोटा चार गावांत मिळून मूठभर बर्थांचा. त्यातल्या कोणी रद्द केले तरच तुम्ही सरकणार. आणि आपल्याकडचा माणूस एकदा मिळालेले तिकीट रद्द करतो काय?" मी विचारले, मग करावे काय? त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवून सांगितले, की मुंबईपासूनचे तिकीट काढा आणि चढण्याचे स्थानक म्हणून आपले गाव लिहा.

हा काही काळाबाजार नव्हे. नियमात पूर्णपणे बसणारी गोष्ट आहे आणि मधल्या गावांतली हजारो माणसे ती करतात. आम्हीही केली. सामान्य यादीत ऐंशीच्या पुढचे क्रमांक मिळाले आणि आठवडाभरात पक्के झाले. म्हणजे ज्या गाडीत माझ्या गावाच्या चौथ्या माणसाला जागा नव्हती, त्याच गाडीत मुंबईच्या ऐंशीव्याला होती, आणि ती मिळवण्यासाठी ज्या प्रवासात मी नव्हतोच त्या पाचशेहून अधिक किलोमीटरचे भाडे मी भरले.

गाडी आमच्या गावी अपरात्री येते. डब्यात चढलो, तर मावशीच्या खालच्या बर्थवर एक तरुण गाढ झोपलेला. मी हलवले, तसा तो दचकून उठला, चादर घडी केली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही झोपा. मुंबईपासून रिकामी होती, म्हणून जरा पाठ टेकली." तो झवेरी बाजारातला सोन्याचा कारागीर होता, मेदिनीपूरकडचा, खरगपूरला उतरणारा. त्याचे तिकीट आरएसीचे होते. म्हणजे साइड लोअरच्या एका बाकावर दोघांनी बसून रात्र काढायची. मावशीने त्याच्याकडे पाहिले आणि पाय वर घेतले. "अरे बाळा, मी काही एवढी लांबरुंद नाही. इथे पायाशी बस. तिकडे अवघडून किती वेळ बसशील?" तो बसेना, मावशीने डब्यातून तिळाचे लाडू काढले, तेव्हा बसला. नागपूरला त्याच्या बाकावरचा दुसरा माणूस उतरला आणि त्याला साइड लोअर पूर्ण मिळाला. पण दुर्गला एक बाई कडेवरचे मूल घेऊन चढली, तेव्हा तो स्वतःच उठून पुन्हा मावशीच्या पायाशी येऊन बसला. ती बाई बिलासपूरला उतरली. त्या बर्थवर मुंबईहून खरगपूरपर्यंत किती जण बसले, याचा हिशेब डब्यातल्या प्रत्येकाला माहीत होता. फक्त आरक्षणाच्या तक्त्याला माहीत नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे. जाहीर केलेले अर्थकारण आता भरभर सांगतो.

पहिला मुद्दा भाड्याचा. आपल्याकडे अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. त्यामुळे एकच माणूस मुंबईहून हावड्याला गेला, तर रेल्वेला जे मिळते, त्याहून तोच बर्थ मुंबई–नागपूर एकाला आणि नागपूर–हावडा दुसऱ्याला विकला, तर अधिक मिळते. आरक्षण शुल्कही दोनदा येते. म्हणजे मधला प्रवासी हा रेल्वेवरचा भार नसून तिचा किफायतशीर ग्राहक आहे.

दुसरा मुद्दा कोट्याचा. रेल्वेची भीती खरी आहे, की अकोला–रायपूरच्या माणसाला बर्थ दिला, तर तो मुंबई ते अकोला रिकामा जाईल. नोंदवह्यांच्या काळात, मधल्या स्थानकाने मूळ स्थानकाला तार करून जागा मागायच्या दिवसांत, प्रत्येक गावाला ठरावीक बर्थ वाटून देण्यावाचून उपायही नव्हता. परंतु १९८५–८६ च्या सुमारास दिल्लीपासून संगणकीय आरक्षण सुरू झाले, आणि आज तर कोणता बर्थ कुठून कुठपर्यंत मोकळा आहे, हे तक्ता लागल्यावर आपल्याला मोबाइलवर दिसते. यंत्र नवे आले. वाटणी मात्र नोंदवहीचीच राहिली. आमचा माणूस मुंबईपासूनचे तिकीट काढतो, तेव्हा बर्थ रिकामा येतोच. फरक इतकाच, की त्या रिकामेपणाचे पैसे तो भरतो.

तिसरा मुद्दा थांब्यांचा. थांबा फुकट नसतो, हे मी नाकारत नाही. अवजड गाडीचा वेग उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, यात दोन मिनिटांचा थांबा वेळापत्रकातली त्याहून कितीतरी अधिक मिनिटे खातो आणि वीजही जाळतो. पण २०२० च्या टाळेबंदीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा अनेक छोटे थांबे परतलेच नाहीत, आणि दोनशे किलोमीटरहून लांब धावणाऱ्या पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेस करण्याचे धोरण त्याच सुमारास आले. मधल्या गावाचा माणूस मोठ्या गाडीपर्यंत पोहोचत होता तो याच पॅसेंजरने. ती गेली, तर मोठी गाडी त्याच्या गावावरून जाते खरी, पण त्याच्या उपयोगाची राहत नाही. थांबा ठरवताना त्या स्थानकावर किती तिकिटे विकली गेली हे पाहतात. जो माणूस मुंबईपासूनचे तिकीट काढून आमच्या गावी चढतो, त्याचे तिकीट आमच्या गावच्या विक्रीत कसे धरणार? कोटा नाही म्हणून विक्री दिसत नाही, आणि विक्री दिसत नाही म्हणून थांबा मिळत नाही, असे हे चक्र आहे.

चौथा मुद्दा रुग्णांचा, मजुरांचा आणि विद्यार्थ्यांचा. परळच्या टाटा रुग्णालयात बंगाल-बिहारमधून रुग्ण येतात ते याच गाड्यांनी. कर्करुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत देते, ही तिची चांगली बाजू. यावर बोलायला मला अर्धा तास हवा होता, आणि तो भाच्याच्या थट्टेत गेला.

अध्यक्षांनी आता घंटाच हातात घेतली आहे. तेव्हा मागणी एवढीच नोंदवतो, की प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीच्या मधल्या स्थानकांवर वर्षभरात प्रत्यक्ष किती माणसे चढली आणि उतरली, हे आकडे चढण्याच्या स्थानकानुसार मोजून रेल्वेने जाहीर करावेत आणि कोटा व थांबे दर वर्षी त्यांवरून ठरवावेत. ज्यांना या मागणीच्या निवेदनावर सही करायची आहे, त्यांच्यासाठी कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. गावाचे नाव लिहिताना कृपया जिथे तुम्ही खरोखर गाडीत चढता ते लिहावे.