गालगुंड आणि लसीकरणाचे कार्ड

गालगुंड ओळखायला सोपे, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. अडचण एवढीच की आपल्याला ते ओळखू येते तोवर संसर्ग पुढे गेलेला असतो. सूज दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून विषाणू लाळेतून आणि खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून बाहेर पडू लागतो, आणि लागण झालेल्या कित्येकांना तर सूज येतच नाही. त्यामुळे सुजलेल्या मुलाला पाच दिवस शाळेत न पाठवणे, त्याचा पेला-चमचा वेगळा ठेवणे आवश्यक असले, तरी एवढ्याने साथ थांबत नाही.

लागण झाल्यापासून सूज यायला बहुधा सोळा ते अठरा दिवस जातात. आधी ताप, अंगदुखी, मरगळ, आणि मग चिंच किंवा लिंबाचे लोणचे जिभेवर ठेवताच कानाखाली कळ येते. तपासताना मुलाच्या मागे उभे राहून कानाच्या दोन्ही पाळ्या पाहाव्यात. सूज कानापुढच्या लाळग्रंथीला असल्याने त्या बाजूची पाळी वर आणि बाहेर उचललेली दिसते व जबड्याचा कोन बोटांना लागेनासा होतो. मानेतली गाठ सुजली असेल, तर तो कोन सहसा नीट चाचपता येतो. जेवताना तेवढी सूज येऊन नंतर ओसरत असेल, तर लाळनलिकेतील खड्याचा विचार करावा लागतो.

या विषाणूवर औषध नाही आणि प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. वजनानुसार पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज किंवा मऊ वरणभात आणि विश्रांती पुरते. मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र देऊ नये. गेरूचा लेप लावल्याने सूज उतरली असे घरोघरी सांगतात. ती आठवडा-दहा दिवसांत आपली आपण उतरतेच, आणि श्रेय लेपाला जाते. तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, सतत उलट्या, पोटात जोराची कळ, एका कानाने ऐकू न येणे किंवा वृषण सुजून दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांकडे त्वरित जावे. वृषणाची सूज वयात आलेल्या मुलांत आणि पुरुषांत येते. तिच्यामुळे हमखास वंध्यत्व येते ही भीती मात्र अवास्तव आहे, तसे क्वचितच घडते.

आता लसीविषयी, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. ‘आमच्या मुलाच्या सगळ्या लसी झाल्यात’ असे पालक सांगतात आणि ते प्रामाणिकपणे सांगतात. परंतु 2017 पासून सरकारी कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आलेली ‘एमआर’ लस गोवर आणि रुबेला या दोन आजारांची आहे. तिच्यात गालगुंडाचा अंश नाही. तो एमएमआर या तिहेरी लशीत असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना ही लस नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यावी असे सुचवते, पण ती बहुतेक ठिकाणी खासगी दवाखान्यात पैसे देऊनच घ्यावी लागते. याच प्रकारची लस पुण्यात तयार होत असताना सरकारी केंद्रावर येणारे मूल तिच्यापासून वंचित राहावे, हे मला खटकते.

दोन मात्रांनंतर संरक्षण साधारण 88 टक्के मिळते, म्हणजे लस घेतलेल्यालाही क्वचित आजार होऊ शकतो, पण तो बहुधा सौम्य असतो आणि गुंतागुंत कमी होते. तेव्हा घरी गेल्यावर कार्ड काढून त्यावर ‘एमआर’ लिहिले आहे की ‘एमएमआर’, हे पाहावे. मात्रा राहून गेली असेल तर मोठ्या वयातही चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा घेता येतात; ही जिवंत विषाणूची लस असल्याने गरोदरपणात ती घेऊ नये आणि घेतल्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी.