जाणाऱ्याचा हिशेब

मंडळी, नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यात चांगल्या सीएनसी ऑपरेटरने, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन सांभाळणाऱ्याने, राजीनामा दिला की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तिकडे किती देतायत?’ पगाराचं महत्त्व मी नाकारत नाही. पण त्या आठवड्यात तुमची उरलेली माणसं काही वेगळंच बघत असतात. जाणाऱ्याचा हिशेब तुम्ही कसा करता, ते. चहाच्या सुट्टीत तेवढाच विषय असतो.

‘नोटीस पूर्ण केली नाही ना, मग थांबव त्याचे पैसे’, ‘दिवाळीनंतर ये’ अशी उत्तरं त्याला मिळाली की शेजारच्या मशीनवरचा माणूस समजून जातो, उद्या आपलंही हेच होणार. मग तोही बाहेर चौकशी करू लागतो. वेतन संहिता, 2019 या बाबतीत स्पष्ट आहे : राजीनामा असो की कामावरून काढणं, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. ग्रॅच्युइटीला, म्हणजे सेवेच्या वर्षांवर ठरणाऱ्या, नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेला, तीस दिवस. तिचा हिशेब कामगाराला कागदावर मांडून दाखवा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 असेल, तर त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, म्हणजे वर्षाला 15,000. सेवा सात वर्षं आठ महिने झाली असेल तर ती आठ वर्षं धरायची, कारण सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष मानला जातो. झाले 1,20,000. हा आकडा त्याने मागायच्या आधी तुम्ही सांगितलात, तर ती बातमी तासाभरात कारखानाभर होते. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखही लगेच भरा. तिच्यावाचून माणसाचे स्वतःचे पैसे अडकून पडतात.

हे सगळं हातात दिल्यावरच त्याला विचारा, का चाललास? पैसे अडकलेला माणूस खरं बोलत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मोकळा झाला की सांगतो. बहुतेक वेळा रजेचं निघतं.

इथे मला जरा थांबायचंय, कारण नाशिकमध्ये हे टाळता येण्यासारखं आहे. दिंडोरी-निफाडकडच्या ज्या मुलाच्या घरी द्राक्षबाग आहे, त्याला ऑक्टोबर छाटणीला आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीला घरी जावंच लागतं. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तरी तो जाणार. फरक एवढाच की न सांगता जाईल, आणि परत यायला संकोचेल. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस ही त्याची हक्काची रजा आहे, उपकार नाही. तेव्हा सप्टेंबरमध्येच सुपरवायझरला घेऊन बसा. कोणाच्या घरी बाग, कोणाच्या घरी लग्न, ते विचारून शिफ्टचा तक्ता मार्चपर्यंतचा करा आणि नोटीस बोर्डावर लावा. त्या काळात दुसऱ्याची मशीन चालवू शकेल असा एकेक माणूस आत्तापासून तयार करायला घ्या.