कुजबुजीला भर सभेत उत्तर

श्रोतेहो, नमस्कार.

चार माणसं जमली की पाचव्याचा विषय निघतो. लग्नाच्या पंगतीत निघतो, लोकलच्या डब्यात निघतो, जिन्यात तर निघतोच. रॉबिन डनबार नावाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणतात, माकडं एकमेकांचं अंग विंचरत बसतात, त्यातून त्यांची जवळीक टिकते. माणसाची टोळी मोठी झाली, तेव्हा हेच काम गप्पांवर आलं. मला हे पटतं. अमक्याकडे काय चाललंय ते कानात सांगणारा आपल्याला आपला वाटतो. पण ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो तिथे नसतो. मग जे ठाऊक नाही, तिथे मीठमसाला पडतो. पुन्हा सांगते, जे ठाऊक नाही, तिथेच मीठमसाला पडतो.

आता आनंदीबाई जोशींची गोष्ट ऐका. ही मी कितीदाही सांगेन. कल्याणची यमू, लग्नानंतर आनंदी झाली. यजमान गोपाळराव टपाल खात्यात, बायकोनं शिकलंच पाहिजे या हट्टाचे. मुंबईत ती शाळेला निघाली, की ओसरीवरचे भले लोक शेरे मारत, खडेसुद्धा मारत. दुकानदार तिला बघून थुंकत. पुढे दोघं बंगालमध्ये श्रीरामपूरला गेली. तिथे कळलं, की ही पोर डॉक्टर व्हायला एकटी अमेरिकेला निघालीय. मग काय विचारता!

आनंदीबाई घरात तोंड लपवून बसल्या नाहीत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या. वयाची अठरा वर्षं अजून पुरी व्हायची होती. बोलल्या इंग्रजीत. लोक पाठीमागे जे विचारत होते, तेच प्रश्न त्यांनी सगळ्यांसमोर स्वतः मांडले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परतल्यावर वाळीत टाकलं तर? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आजवर कुणा बाईनं केलं नाही, ते मीच का करावं? सहा प्रश्न, आणि सहाही प्रश्नांना उत्तर. वाळीत टाकण्याविषयी म्हणाल्या, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. ते खडे, ते थुंकणं, तेही त्या सभेत सांगितलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाजात बसल्या, आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या.

  

तर, आपल्याविषयी कुजबुज झाली, तर खरं काय ते एकदा आपल्याच तोंडानं सांगावं. एकदाच. दारोदार खुलासे देत फिरलात, तर चघळायला नवा विषय मिळतो.

आणि दुसऱ्याविषयीची कुजबुज आपल्यापाशी आली तर? जिन्यात शेजारीण थांबते, आवाज खाली आणते, "अहो, कळलं का, तिसऱ्या मजल्यावरची..." तिला तोडून बोलू नये, तीही माणसाच्या ओढीनंच थांबलेली असते. शांतपणे म्हणावं, "मला काहीच माहीत नाही बाई. संध्याकाळी चहाला जाऊ या का तिच्याकडे? तिलाच विचारू."

नमस्कार.