आजी नुसतं सांगते

(अमेरिकेतल्या आपल्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना?

खरं तर मी आज ठाण्याच्या दिवाळीवर बोलणार होते. रांगोळ्या, तलावपाळीवर पहाटे जमणारी गर्दी, सगळं लिहूनही काढलं होतं. पण गेल्या रविवारी आमच्या घरात भांडण झालं आणि त्या भांडणात माझी नऊ वर्षांची मुलगी एक वाक्य बोलून गेली. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. तेव्हा लिहिलेला कागद बाजूला ठेवते.

भांडण आईवरून होतं. माझी आई ठाण्याला नौपाड्यात एकटी राहते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आता इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे. घर रिकामं करून द्यायचं, बिल्डर भाडं देईल, नवीन इमारत उभी राहीपर्यंत तीन वर्षं कुठेतरी राहायचं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी! नवरा म्हणाला, इकडे आणू. मी म्हटलं, व्हिजिटर व्हिसावर आणलं तर सहा महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न. मग तू जाऊन राहा, तो म्हणाला. आणि इथलं कोण बघणार, मी म्हटलं. आवाज चढत गेले. शेवटी मी उठले, देवघरापुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "देवा, आता तूच काहीतरी मार्ग दाखव."

मुलगी टेबलाशी गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तू देवाला सारखं मागतेस. आजी नुसतं सांगते."

तिने हे कुठे पाहिलं, ते सांगते.

जून महिना. इथे रात्रीचे साडेआठ, म्हणजे तिकडे सकाळचे सहा. समोरच्या काकूंचा फोन आला. आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. अवेळी तिकडचा नंबर दिसला की पोटात कसा गोळा येतो, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको. काकूंचा मुलगा आणि खालच्या दुकानातले दोघे, अशा तिघांनी मिळून तिला जिन्यावरून खाली आणलं. बाहेर पाऊस धो धो. हॉस्पिटलात खाट मिळेपर्यंत चार तास ती पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर होती आणि कोणी धड काही सांगत नव्हतं.

म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत उरकतात. पडून राहिलं की छातीत कफ धरतो, पायात गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. पण आईला बीपी, शुगर दोन्ही. भूल झेपेल का? मी व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, धोका किती? ते शांतपणे म्हणाले, "आहे. पण न करण्यात जास्त आहे." तरी माझ्या तोंडून हो निघेना. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अहो, पाय माझा आहे. मला विचारा की. आणि कोणीतरी माझा चष्मा द्या." चष्मा लावून तिने फॉर्म वाचला आणि सही केली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात असं म्हटलंय. जागा, करणारा, साधनं, नाना तऱ्हेच्या खटपटी, आणि पाचवं दैव. बाबा हा श्लोक नेहमी म्हणायचे. त्या रात्री मी पाचही कारणं माझ्या फोनमध्ये मुठीत धरून बसले होते. डॉक्टरांची माहिती शोधत होते, खुब्यात बसवायचे भाग कोणत्या कंपनीचे ते वाचत होते, तिकिटं बघत होते, आणि मधे मधे अथर्वशीर्ष. नवसही बोलले. आई चालायला लागली की तिला घेऊन टिटवाळ्याला येईन.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभी केली. चार दिवसांनी मी आणि मुलगी ठाण्यात पोचलो. नवसाचं सांगितलं तर आईला आवडलं नाही. म्हणाली, "पाय माझे, आणि नवस तू बोललीस? त्याच्याशी असा व्यवहार करू नये गं."

त्या सुट्टीत मुलगी आजीजवळ आठ आठवडे होती. आईला खाली बसता येत नाही, म्हणून देव्हारा जमिनीवरून उचलून स्टीलच्या स्टुलावर ठेवला होता. संध्याकाळी ती वॉकर टेकत यायची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. वात तेलात बुडवून चिमटीने जरा पिळायची, निरांजन लावायची. शुभंकरोती झालं की बाळकृष्णाकडे बघत बोलायला लागायची. "आज दूध फाटलं. फिजिओवाली मुलगी आली होती, वीस वेळा पाय उचलून घेतला, फार दुखलं. सोसायटीची मीटिंग झाली म्हणे. पेन्शनच्या कामाला बँकेत जायचंय, जिना उतरता येत नाही. बघू." एवढंच. यात कुठे 'बरं कर' नाही, 'वाचव' नाही. मी स्वयंपाकघरात असायचे, हे रोज कानावर पडत होतं, पण माझ्या लक्षात आलं नाही. मुलीच्या आलं.

आणि यात ढिलाई कुठेही नव्हती बरं का. गोळ्यांचा डबा सोमवार ते रविवार भरलेला. एकही व्यायाम चुकवला नाही. वीस सांगितले तर वीस. कौपिनेश्वराच्या, म्हणजे ठाण्यातल्या शंकराच्या, देवळातला सोमवार मात्र चुकत होता, त्याची हळहळ होती. तेही ती बाळकृष्णालाच सांगायची, "त्यांना सांग, येते म्हणावं."

आपल्याकडे हे नवं नाही. जनाबाई दळता-कांडताना विठोबाशी बोलायची. तुकोबांचं 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' आपण कोणाला धीर द्यायचा म्हणून पटकन म्हणून टाकतो. पण ते कोणी म्हटलंय? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याचं दुकान बुडालं, पहिली बायको गेली, मुलगा गेला, त्या माणसाने. आणि तोच माणूस विठोबाशी कडाकडा भांडलाही आहे, उणंदुणं काढलंय. त्याच्या समाधानात हे सगळं सांगून झालेलं आहे. आपण मधलं सांगणं गाळतो आणि थेट समाधानावर येतो, तेही दुसऱ्याच्या.

मुलीच्या वाक्याने मला जुनं काही आठवलं, तेही बोलते. २००९ साली बाबा गेले. त्यांच्या आजारपणात आईने काय केलं नव्हतं? उपास, पारायणं, दर सोमवारी कौपिनेश्वराच्या त्या मोठ्या पिंडीपुढे तासभर. तेव्हा ती मागत होती, मी स्वतः ऐकलंय. बाबा गेले. सुतक संपल्यावर संध्याकाळी तिने दिवा लावला तेव्हा मी चिडून विचारलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "सांगायला कोणीतरी हवं ना." मला ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं होतं. त्यानंतर तिने काही मागितलेलं मी ऐकलं नाही. आणि एक दिवस दिवा चुकला असंही झालं नाही.

तिचा भरवसा 'सगळं चांगलंच होईल' असा नाहीच. तसं नेहमी होत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? जे होईल ते ऐकायला तो समोर आहे, एवढ्यावर ती रात्री नऊला झोपते. मी मात्र दोन वाजता उठून ईमेल बघते.

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका, घरचीच म्हणून बोलते. मागच्या वर्षी आपल्यातल्या एका कुटुंबाची नोकरी गेली. वर्क व्हिसावर साठ दिवस मिळतात, त्यात दुसरी नोकरी नाही तर गाशा गुंडाळायचा. ते साठ दिवस चालू असताना ते दोघं आपल्या गणपतीत आले. प्रसाद वाटला, आरतीला उभे राहिले, भांडीही घासू लागले. कोणालाही कळलं नाही. ते परत गेल्यावर कळलं. त्या आरतीत मी त्यांच्या शेजारी उभी होते. "कसं चाललंय?" मी विचारलं. "देवाच्या कृपेने मस्त," ती म्हणाली. आणि मी पुढच्या माणसाकडे वळले.

ती का बोलली नाही? आपण सांगण्यासारखे वाटलो नाही, म्हणूनच ना? कोणी काही सांगायला लागलं की आपण 'देवावर विश्वास ठेव, होईल सगळं ठीक' म्हणतो आणि फोन ठेवतो. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकतो. ठाण्यात आई पडली तेव्हा काकूंनी दार वाजवलं, कारण पहाटे रोज येणारा नळाचा आवाज आला नव्हता. आपल्याला एकमेकांचे असे कुठले आवाज माहीत आहेत? मुलांना आपण शुभंकरोती शिकवली, मनाचे श्लोक पाठ करून घेतले, स्पर्धा घेतल्या, बक्षिसं दिली. उद्या त्यांच्यावर अशी रात्र आली तर ती कोणाशी बोलतील? माझी मुलगी बोलेल का? मला खरंच माहीत नाही.

रविवारी भांडण शमल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "आजीने देवाला घराचं सांगितलं असेल ना? मग तो काय म्हणाला?" मी म्हटलं, आजीलाच विचार. तिकडची सकाळ झाल्यावर फोन लावला. आई चहा घेत होती. नातीचा प्रश्न तिने नीट ऐकून घेतला. थोडा वेळ थांबली.

"अगं, माझं अजून सांगून झालं नाहीये," ती म्हणाली. "घर मोठं आहे, बावन्न वर्षांचं आहे. वेळ लागेल."

सोसायटीने चाव्या द्यायला जानेवारीअखेरची तारीख दिली आहे.