कॉलिन्सव्हिलची केचपची बाटली

अमेरिकेतील सेंट लुईस शहरातून मिसिसिपी नदी ओलांडून पूर्वेकडे निघाले की साधारण वीस किलोमीटरवर इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल हे छोटे शहर लागते. तेथील बाजारपेठेच्या दक्षिणेला, घरांच्या छपरांच्या कितीतरी वर, टोमॅटो केचपची एक अवाढव्य बाटली उभी आहे.

ही बाटली म्हणजे पोलादी पाण्याची टाकी आहे. जी. एस. सुपिगर कंपनीच्या कारखान्यात ब्रूक्स या नावाचे केचप बाटल्यांत भरले जात असे. 1947 मध्ये कारखान्यासाठी उंच टाकी बांधायचे ठरले, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष गेरहार्ट सुपिगर यांनी सुचवले की, टाकी बांधायचीच आहे तर तिला बाटलीचाच आकार द्यावा. डब्ल्यू. ई. कॉल्डवेल कंपनीने 1949 मध्ये ती उभी केली.

शंभर फूट उंचीच्या पोलादी पायांवर सत्तर फुटांची बाटली, अशी तिची एकूण उंची 170 फूट, म्हणजे जवळजवळ 52 मीटर आहे. तिची क्षमता एक लाख गॅलन, म्हणजे पावणेचार लाख लिटरांहून थोडी अधिक आहे. पाणी दर दहा मीटर उंचीमागे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका (सुमारे एक वातावरण) दाब देते. त्यामुळे एकदा वर चढवलेले पाणी कारखान्याच्या नळांत आणि आगीपासून संरक्षण करणाऱ्या तुषार यंत्रणेत स्वतःच्या भाराने उतरत असे. हे काम साध्या गोल टाकीनेही केले असते. तरीही वर निमुळती होत गेलेली मान, तिच्यावरचे झाकण आणि पोटावर ब्रूक्सचे ठळक लेबल, असा बाटलीचा सगळा घाट पोलादाच्या पत्र्यातून घडवण्याचे कष्ट बांधणाऱ्यांनी घेतले, याचे कौतुक वाटते.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला केचपचे उत्पादन इंडियाना राज्यात हलले आणि कारखान्याच्या इमारती गोदाम म्हणून वापरल्या जाऊ लागल्या. रंग उडत गेला, गंज चढला. 1993 मध्ये मालक कंपनीने ही मालमत्ता विकायला काढली. दुरुस्ती आणि रंगकामाचा खर्च शहराच्या तिजोरीला पेलणारा नव्हता. तेव्हा कॉलिन्सव्हिलचे रहिवासी पुढे आले. त्यांनी जतन समिती स्थापन केली, बाटलीचे चित्र छापलेले टी-शर्ट विकले, देणग्या गोळा केल्या आणि 1995 मध्ये टाकी दुरुस्त करून पुन्हा रंगवून घेतली. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही ‘पाण्याच्या टाकीपासून डावीकडे’ असा पत्ता सांगितला जातो. पण निकामी झालेल्या टाकीसाठी गावाने पैसे उभे केल्याचे उदाहरण विरळाच, आणि म्हणूनच हा प्रयत्न मोलाचा वाटतो.

ऑगस्ट 2002 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत या बाटलीचा समावेश झाला. मोटारीने जाणाऱ्या प्रवाशांचे लक्ष वेधण्यासाठी विसाव्या शतकात रस्त्यांच्या कडेला ज्या भव्य, कल्पक रचना उभारल्या गेल्या, त्यांचा हा जपून ठेवलेला नमुना आहे. उन्हाळ्यात तिच्या नावाने उत्सवही भरवले गेले आणि त्यांना परगावचे लोकही आले.