काचेच्या कडेला राहिलेली सांगली

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो फोटो असेल. खुर्चीत पगडी घातलेले पणजोबा, शेजारी नऊवारीतल्या पणजी, आणि मागच्या रंगवलेल्या पडद्यावर एक तळं, जे त्या दोघांनी जन्मात पाहिलं नसेल. आपण त्यात आपली माणसं शोधतो. आज मी तुम्हाला कडा बघायला सांगणार आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा फोटोग्राफर पोटासाठी फिरायचा. लग्न, मुंज, शाळेचा ग्रुप, कारखान्यातल्या कामगारांचा ग्रुप, जिथे पैसे मिळतील तिथे जायचा. फिल्मचा रोल तोवर निघाला होता, पण धंद्यातला माणूस उजेड टिपणारा थर दिलेली काचच वापरायचा; फोटो आधी त्या काचेवर उमटायचा आणि तिच्यावरून कागदावर प्रिंट निघायची. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच. वाड्याच्या अंगणात पडदा टांगायचा, तिकटीवर कॅमेरा चढवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं. मागच्या दुधी काचेवर माणसं उलटी दिसत, खाली डोकं वर पाय. गिऱ्हाइकाला मिळायची ती प्रिंट कडा कापून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली. काच मात्र स्टुडिओत राहायची, आणि काचेवर सगळंच असायचं: पडदा धरून उभा राहिलेला गडी, विहिरीचा रहाट, अर्धी बैलगाडी, शेजारच्या घराचं नवं पत्र्याचं छप्पर. गिऱ्हाइकानं पैसे मोजले मधल्या भागाचे. गाव कडेनं फुकट आलं.

आणि गाव तर याच काळात बदलत होतं. १९०७ मध्ये मिरजेहून रेल्वेचा फाटा सांगलीत आला. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज निघालं, १९२९ मध्ये कृष्णेवर आयर्विन पूल झाला. अशा काळातल्या ग्रुप फोटोत मी आधी खांद्यांच्या वरचा भाग बघतो. मागे झाड आहे की नुसता माळ? विजेचा खांब आलाय का? फोटोवर तारीख नसली, तरी एक खांब सालाचा अंदाज देऊन जातो.

मात्र या काचा वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिलं, रस्ते ओस दिसतात. गाव ओस नव्हतं. दूरचं-जवळचं सगळं रेखीव यावं म्हणून फोटोग्राफर भिंगाचं तोंड बारीक करायचा, मग काचेला उजेड जास्त वेळ द्यावा लागायचा. तेवढ्यात चालणारा माणूस पुढे निघून जायचा. भिंग लावून बघा, घाटावर धुरासारखा एक पट्टा दिसेल. ती घागर घेऊन चाललेली बाई असू शकते. दुसरं, रंग. त्या काचांना निळा रंग फार लवकर लागायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. त्यामुळे आभाळ कोरं पांढरं येतं आणि कपाळावरचं कुंकू काळं. कृष्णाकाठच्या फोटोत ढग नाहीत म्हणून तो उन्हाळ्यातला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पाण्याची पातळी बघा, घाटाच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजा.

या काचा फार थोड्या उरल्या याचं मला मनापासून दुःख आहे. स्टुडिओ बंद पडले तेव्हा पुष्कळांनी काचा गरम पाण्यात घालून वरचा थर खरवडला आणि त्याच काचा तसबिरींना लावल्या. तसबिरीत देव आले, गाव धुऊन गेलं. उरलेल्यांना पाण्यानं गाठलं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा माळ्यावर न पोचलेले किती अल्बम चिखलात गेले, ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

म्हणून ज्यांच्याकडे अजून काही आहे त्यांना एवढंच सांगतो. काच कडेला धरा. जी बाजू चकाकत नाही, तिच्यावर चित्राचा थर असतो. तिला बोट लावू नका, ओलं फडकं तर मुळीच नको. काचा आडव्या रचू नका, कागदी पाकिटात घालून उभ्या ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तसाच स्कॅन करून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून नावं विचारा. मधल्यांची विचाराच, पण कडेला पडदा धरून उभा असलेला तो कोण, तेही विचारा, आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा.